विरळ पिंजऱ्यातला सॅमन मऊ का निघाला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही दोन फार्मकडून बर्फातला अख्खा अटलांटिक सॅमन घेता आणि फिले, म्हणजे काट्याचा सांगाडा काढलेले मांसाचे लांब काप, स्वतः करता. दोन्हीकडचे मासे चार ते पाच किलोचे, खाद्य एकाच कंपनीचं. पहिल्या फार्मवर पिंजऱ्यात मासे विरळ असतात, घनमीटरला १० किलोच्या आसपास. दुसऱ्यावर त्याच्या दुप्पट. विरळ ठेवलेल्या माशाचं मांस सरस निघेल म्हणून तुम्ही त्याला जास्त भाव देता. पण फिकट आणि मऊ मांस त्याचंच निघतं, आणि कातडी काढताना फिलेला भेगा पडतात. दाटीतला मासा घट्ट आणि रंगालाही बरा. म्हणून तुम्ही विचारता की ‘विरळ म्हणजे चांगला’ ही नुसती जाहिरात आहे का, आणि हे दोन्ही सोडून जमिनीवरच्या टाक्यांत वाढवलेला सॅमन घ्यावा का.

मी बरीच वर्षं सॅमनच्या प्रक्रिया केंद्रात दर्जा तपासतो. मासा पिंजऱ्यातून बाहेर आल्यापासून फिले होईपर्यंत माझ्या नजरेखालून जातो आणि खराब माल आला की फार्मच्या नोंदी मागवणं हेही माझंच काम. तुमचे मासे मी हातात घेतलेले नाहीत, त्यामुळे ‘कारण हेच’ असं छातीठोकपणे सांगणार नाही. पण एक गोष्ट पक्की आहे. फिकटपणा, मऊपणा आणि भेगा या तीन स्वतंत्र तक्रारी आहेत. कारणं वेगळी, उपायही वेगळे. आणि घनतेचा आकडा या तिन्हींपैकी एकीचंही पुरतं उत्तर देत नाही. मांसाचा निकाल बहुतांशी शेवटच्या काही महिन्यांत मासा किती आणि काय जेवला यावर, आणि शेवटच्या काही तासांत त्याला कसं हाताळलं यावर लागतो.

आधी घनतेचंच बोलू. नॉर्वेत समुद्रातल्या पिंजऱ्याला घनमीटरमागे कमाल २५ किलोची मर्यादा आहे, आणि एका पिंजऱ्यात २,००,००० पेक्षा जास्त मासे ठेवता येत नाहीत. युरोपियन युनियनच्या सेंद्रिय नियमांत हीच मर्यादा १० किलो आहे. तुमचा पहिला पुरवठादार बहुधा त्याच हिशोबाने चालतो. स्कॉटलंडच्या पिंजऱ्यांवर झालेल्या एका अभ्यासात २२ किलोच्या पुढे माशांची अवस्था घसरताना दिसली. पण त्याच अभ्यासाने हेही सांगितलं की एकट्या घनतेवरून माशांचं बरंवाईट ठरवता येत नाही. माझा अनुभवही तोच आहे.

याचं कारण असं की हा आकडा सरासरीचा आहे. मासे पिंजऱ्यात सारखे पसरत नाहीत. ज्या खोलीवर पाण्याचं तापमान त्यांना मानवतं तिथे ते गोळा होतात. वरचा थर तापला की सगळे खाली एका पट्ट्यात दाटतात, आणि कागदावर १० किलो दिसणाऱ्या पिंजऱ्यात त्या पट्ट्यातली दाटी कितीतरी पट असते. त्यात समुद्री उवा (माशाच्या कातडीवर जगणारे छोटे परजीवी) अडवण्यासाठी पिंजऱ्याच्या वरच्या भागाभोवती कापडी वेष्टण लावलेलं असेल, जाळीवर शेवाळ आणि शिंपले धरले असतील, आणि भरती-ओहोटीच्या मधल्या वेळेत पाणी थांबलं असेल, तर ऑक्सिजन पटकन उतरतो. ऑक्सिजन उतरला की भूक मरते. निवांत खाडीतला विरळ पिंजरा आणि प्रवाहातला दाट पिंजरा यांत मासा दुसऱ्या ठिकाणी सुखी असू शकतो. तेव्हा घनता विचारताना ऑक्सिजनच्या नोंदीही मागा, आणि त्या मासे खरोखर असतात त्या खोलीवरच्या हव्यात.

प्रवाहाचा आणखी एक परिणाम थेट मांसावर होतो. सॅमन हा पोहण्यासाठी घडलेला मासा आहे. सेकंदाला स्वतःच्या एका लांबीइतकं अंतर कापेल अशा वेगाने त्याला सतत पोहावं लागलं तर तो सहसा चांगला वाढतो आणि मांस घट्ट राहतं, असं अनेक प्रयोगांत दिसलंय. फेरो बेटांसारख्या जोरदार प्रवाहाच्या ठिकाणचा मासा हाताला घट्ट लागतो, त्याचं एक कारण मला हेच वाटतं. प्रवाह अति झाला तर मासा थकतो, जाळीला घासतो, जखमा होतात, हेही खरं. तुमच्या दोन फार्मांपैकी कोणता उघड्यावर आहे आणि कोणता आडोशाला, हे नकाशात नुसतं पाहिलंत तरी अर्धं चित्र स्पष्ट होईल.

आता रंग. सॅमनच्या मांसाचा केशरी-तांबडा रंग अस्टाझॅन्थिन नावाच्या द्रव्याचा असतो, आणि ते त्याला स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही. समुद्रातल्या सॅमनला ते क्रिल, कोळंबीसारखे कवचधारी आणि ते खाणारे छोटे मासे यांतून मिळतं; पिंजऱ्यातल्या सॅमनला खाद्यातून द्यावं लागतं. ‘रंग मारलेला मासा’ असं लोक म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण हे द्रव्य माशाच्या शरीरात खरोखरचं काम करतं. ते ऑक्सिडीकरणापासून संरक्षण देतं, अंड्यांतही उतरतं. युरोपियन युनियनमध्ये खाद्यात किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत त्याला परवानगी आहे. प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी घालतात, कारण ते खाद्यातल्या महागड्या घटकांपैकी एक आहे आणि खाल्लेल्या अस्टाझॅन्थिनचा फार थोडा भाग मांसात टिकतो.

तुमच्या प्रश्नातल्या ‘खाद्य एकाच कंपनीचं’ या शब्दांपाशी मी थांबलो ते यामुळेच. कंपनी एक असली म्हणून खाद्य एक नसतं. पहिला फार्म सेंद्रिय प्रमाणपत्राखाली असेल, तर त्याच्या खाद्यात कारखान्यात रासायनिक रीतीने बनवलेलं अस्टाझॅन्थिन चालत नाही. ते कवचधारी प्राण्यांच्या कवचांतून किंवा फॅफिया यीस्टसारख्या नैसर्गिक स्रोतांतून आणावं लागतं, आणि मात्राही सांभाळून घातली जाते. अशा माशाचा रंग थोडा उतरलेला असणं स्वाभाविक आहे. तो दोष मानायचा की नाही हे तुमच्या ग्राहकावर अवलंबून. मी मानत नाही. दोन्ही खाद्यांच्या पिशवीवरची चिठ्ठी मागवा आणि अस्टाझॅन्थिनची मात्रा व स्रोत दोन्ही ताडून पाहा.

खाद्य खरंच एक निघालं, तर मासा ते खात होता का हा पुढचा प्रश्न. रंग मांसात भरायला महिने लागतात. मध्ये भूक गेली की भरणं थांबतं, आणि पाणी गरम असेल तर साठवलेला रंगही खर्ची पडतो. अटलांटिक सॅमनला १२ ते १४ अंश सेल्सियस पाणी सर्वांत मानवतं. १७-१८ च्या पुढे तो कुरबुर करू लागतो. टास्मानियात कडक उन्हाळ्यानंतर फिकट, कधी कधी एखाद्या भागातच रंग उडालेले फिले निघतात, ते यामुळे.

फिकटपणाचं तिसरं कारण म्हणजे वयात येणं. मासा प्रजननाकडे वळला की मांसातला रंग, चरबी आणि प्रथिनं कातडीकडे आणि गाभोळीकडे जातात. मांस पांढुरकं आणि पाणचट होतं, कातडी जाड आणि तपकिरी होते, नराचा खालचा जबडा आकड्यासारखा वर वळतो. हे टाळायला फार्मवाले हिवाळ्यात पिंजऱ्यांत रात्रंदिवस दिवे लावतात, म्हणजे माशाला दिवस लहान-मोठा होण्याचं गणित लागत नाही. तुमच्याकडे मासा साफ होऊनच येत असेल, तेव्हा गाभोळीचा आकार तुम्हाला दिसणार नाही; पण कातडी आणि जबडा दिसेल. फिकट निघालेले मासे बाजूला काढून त्यांच्या तोंडाकडे एकदा नीट पाहा.

आणि रंग मोजताना एक पथ्य पाळा. सॅमनच्या रंगासाठी २० ते ३४ असे क्रमांक असलेला पंखा वापरतात, सॅल्मोफॅन. तो खिडकीपाशी एकदा आणि ट्यूबलाइटखाली एकदा धरला तर त्याच फिलेला दोन वेगळे क्रमांक मिळतात. प्रकाश ठरलेला हवा, जागाही ठरलेली हवी. पाठीच्या पराचा शेवट आणि गुदद्वार यांच्यामधल्या तुकड्यावर मोजायची पद्धत आहे, तिला नॉर्वेजियन क्वालिटी कट म्हणतात. डोक्याकडे आणि शेपटीकडे रंग वेगळा असतो, म्हणून एका माशाचा गळा आणि दुसऱ्याची शेपटी यांची तुलना करून काही हाती लागत नाही. चरबी जास्त असेल किंवा मांसाला भेगा असतील तरी प्रकाश विखुरतो आणि तेवढाच रंग असलेला फिले डोळ्याला फिकट भासतो. शंका राहिली तर प्रयोगशाळेतून अस्टाझॅन्थिन मोजून घ्या. पिंजऱ्यातल्या अटलांटिक सॅमनमध्ये ते किलोला साधारण ६ ते ८ मिलिग्रॅम असतं.

आता खरा मुद्दा, मऊपणा आणि भेगा. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण पैसा इथेच वाया जातो.

फिले टेबलावर ठेवून जवळून पाहा. मांसाच्या पाकळ्या दिसतात आणि दोन पाकळ्यांच्या मध्ये पांढरा पातळ पडदा. हा पडदा संयोजी ऊतीचा असतो आणि पाकळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवतो. गॅपिंग म्हणजे हा बांध सुटणं. पाठीकडच्या जाड भागावर बोटाने दाबून सोडा. चांगल्या फिलेवर खळगा लगेच भरून येतो. मऊ फिलेवर बोटाचा ठसा राहतो. ठसा राहतो पण भेगा नाहीत, असाही फिले असतो; आणि मांस घट्ट, तरी पाकळ्या सुटलेल्या, असाही. पहिल्यात दोष स्नायूच्या तंतूंचा, दुसऱ्यात पडद्याचा. तुमच्या मालात दोन्ही एकाच माशात आहेत की वेगवेगळ्या, हे आधी ठरवा. त्यावर पुढचा तपास अवलंबून आहे.

भेगांचं सर्वांत मोठं कारण कापणीच्या, म्हणजे मासे मारायला काढण्याच्या, दिवशी घडतं. मासे पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात आवळले जातात, पंपातून जिवंत मासे नेणाऱ्या बोटीत जातात, तिथून पुन्हा पंपाने केंद्रात येतात. या धावपळीत मासा जिवाच्या आकांताने झटतो आणि स्नायूतली सगळी ऊर्जा जाळून टाकतो. जिवंत सॅमनच्या स्नायूचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा उतरला की आम्लता वाढते) ७.३ च्या आसपास असतो. मेल्यावर तो हळूहळू ६.२-६.३ पर्यंत उतरतो. झटापट झालेल्या माशात ही उतरण झपाट्याने होते आणि मरणोत्तर ताठरता दोन-चार तासांतच गाठते. शांतपणे मारलेल्या आणि लगेच गार केलेल्या माशात तीच ताठरता अर्धा दिवस, कधी त्याहूनही उशिरा सुरू होते. घाईने आलेली ताठरता जोरकस असते. स्नायू आवळतात, पडद्यावर ताण येतो. त्यातच मांस अजून गरम असेल, म्हणजे उन्हाळ्यात १५-१६ अंशांच्या पाण्यातून काढलेला मासा गार व्हायच्या आत ताठला असेल, तर पडदा आणखी कमजोर पडतो आणि फाटतो.

हे फाटणं तुम्हाला तेव्हा दिसत नाही. मासा अख्खा असतो, कातडी सगळं धरून ठेवते. तीन-चार दिवसांनी तुमच्या टेबलावर कातडी निघते आणि भेगा उघड्या पडतात. म्हणून फिले करणारा माणूस स्वतःच्या सुरीला दोष देत बसतो, आणि घडलेलं असतं दुसऱ्याच ठिकाणी.

आमच्याकडे ताठरता बघायची सोपी रीत आहे. मासा टेबलाच्या कडेवर असा ठेवायचा की शेपटीकडची अर्धी बाजू बाहेर राहील. शेपूट लोंबली तर अजून ताठरता नाही, सरळ आडवी राहिली तर पूर्ण ताठरता. मारल्यावर दोन तासांत शेपूट सरळ राहू लागली की मी त्या लॉटवर खूण करून ठेवतो. अशा लॉटमधून पुढे भेगांची तक्रार आली तर मला नवल वाटत नाही. ताठरलेला मासा खोक्यात बसवायला वाकवला किंवा दाबला तरीही पडदे फाटतात. लांबट मासा आखूड खोक्यात कोंबलेला दिसला तर ते पुरवठादाराला कळवा, हा दोष एका दिवसात सुधारता येतो.

मारण्याची पद्धतही यातच मोडते. पूर्वी पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडून मासे बेशुद्ध करत. त्यात ते भयंकर तडफडत. नॉर्वेने ही पद्धत बंद केली. आता डोक्यावर यांत्रिक घाव किंवा विजेचा धक्का वापरतात. दोन्ही पद्धती नीट चालवल्या तर मासा क्षणात शांत होतो. विजेचं यंत्र चुकीच्या पद्धतीने लावलं तर पाठीचा कणा मोडतो आणि मांसात रक्ताचे ठिपके उरतात. तुम्हाला कण्यालगत असे ठिपके दिसत असतील तर कारण तिथे शोधा. त्यानंतर कल्ले कापून गार पाण्यात रक्त वाहू देतात. रक्त नीट गेलं नाही तर मांस लवकर खवट होतं.

आता मऊपणा. तो घडायला वेळ लागतो, म्हणून त्याची मुळं मागे जातात. काही तर अगदी अंड्यापर्यंत. अंडी कोणत्या तापमानाला उबवली यावरून मोठ्या माशातल्या स्नायुतंतूंची संख्या बदलते, आणि बारीक, दाट तंतूंचं मांस जाड तंतूंच्या मांसापेक्षा घट्ट लागतं. पण यावर तुमचा काही ताबा नाही, म्हणून पुढे जातो.

ऋतू महत्त्वाचा आहे. वसंतात दिवस मोठे होऊ लागले की हिवाळ्यात मंदावलेली वाढ एकदम वेग घेते, आणि वसंत ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला मऊपणा आणि भेगांच्या तक्रारी वाढतात, हे प्रक्रिया करणाऱ्या कुणालाही विचारा. चरबी त्या वेळी वर्षातली सर्वांत कमी असते आणि शरदापर्यंत भरते. तुमच्या दोन पुरवठादारांचा माल एकाच महिन्यातला होता का? एकाचा मे महिन्यातला आणि दुसऱ्याचा ऑक्टोबरमधला असेल तर ती तुलना फार्मांची राहत नाही.

मग उवांचा उपचार. समुद्री उवा हा या धंद्यातला कायमचा जाच आहे. नॉर्वेत प्रत्येक माशामागे सरासरी ०.५ प्रौढ मादी उवा ही सर्वसाधारण मर्यादा आहे आणि नद्यांतून रानटी सॅमनची पिल्लं समुद्रात उतरतात त्या वसंतातल्या काळात ती ०.२ पर्यंत खाली येते. ती पाळायला मासे वारंवार उपसून २८ ते ३४ अंशांच्या गरम पाण्यातून अर्धा मिनिट काढतात, किंवा पाण्याच्या फवाऱ्याने आणि ब्रशने उवा पाडतात. प्रत्येक वेळी आधी उपाशी ठेवणं, मग आवळणं, पंप, गरम पाणी, आणि नंतर भूक परत येईपर्यंत काही दिवस. सेंद्रिय नियमांत उवांवरच्या औषधी उपचारांची संख्या मर्यादित आहे, त्यामुळे अशा फार्मवर या यांत्रिक पद्धतींचा वापर जास्त होऊ शकतो. विरळ ठेवलेला मासा म्हणून तो निवांत वाढला असं आपण समजतो; प्रत्यक्षात शेवटच्या दोन-तीन महिन्यांत त्याला कितीदा उपसलं हे त्या घनतेपेक्षा मला जास्त सांगून जातं.

रोगही मांसावर खूण ठेवतात. पॅन्क्रियाज डिसीज या विषाणूजन्य रोगात स्वादुपिंड आणि स्नायू दोन्हींना इजा होते. मासे वाचतात, बरे दिसतात, पण नंतर फिलेचा रंग आणि घट्टपणा दोन्ही उणे निघतात. तुमच्या मालात फिकटपणा आणि मऊपणा एकाच माशात हातात हात घालून येत असेल, तर या रोगाचा इतिहास मी सर्वांत आधी विचारीन. बरगड्यांजवळचे काळे डाग मात्र वेगळे. ते मेलॅनिनचे असतात, नॉर्वेतल्या साधारण पाचांतल्या एका फिलेवर सापडतात, खाणाऱ्याला अपाय करत नाहीत, पण कापून काढावे लागतात. आणि मासा कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया किनाऱ्यावरचा असेल तर कुडोआ या परजीवीचा विचार करावा लागतो. त्याची खूण अगदी विशिष्ट आहे: पहिल्या दिवशी फिले छान घट्ट, आणि चार-पाच दिवसांत जागोजागी लगद्यासारखा. त्याची विकरं मासा मेल्यावरच मांस विरघळवतात, त्यामुळे कापणीच्या दिवशी तो ओळखू येत नाही. माणसाला त्याची लागण होत नाही, पण माल हातचा जातो.

चरबीचं थोडक्यात सांगतो, कारण तुमची तक्रार तिच्याबद्दल नाही. पिंजऱ्यातल्या सॅमनमध्ये ती साधारण १२ ते २० टक्के असते, रानटी अटलांटिक सॅमनमध्ये बरीच कमी. पोटाकडे सर्वांत जास्त, शेपटीकडे सर्वांत कमी. चरबी कोणत्या जातीची हे थेट खाद्यावरून ठरतं. १९९० च्या सुमारास नॉर्वेतलं खाद्य जवळजवळ सगळं मासळीपासूनचं होतं. आता निम्म्याहून कितीतरी अधिक भाग वनस्पतींचा आहे, तेल मुख्यतः रेपसीडचं. त्यामुळे ओमेगा-३ कमी झालं. स्कॉटलंडच्या सॅमनमध्ये २००६ ते २०१५ या काळात ईपीए आणि डीएचए ही त्यातली दोन मुख्य ओमेगा-३ द्रव्यं जवळपास निम्म्यावर आली. कापणीपूर्वीचे काही महिने मत्स्यतेल वाढवून ते बऱ्यापैकी भरून काढता येतं. तुम्ही मासा धुरावून विकणाऱ्यांना माल देत असाल तर चरबीचं बघा, कारण चरबीदार मांसात मीठ सावकाश मुरतं.

इथवरचं एकत्र धरलं तर तुमच्या पहिल्या फार्मबद्दल माझा अंदाज असा: फिकटपणा बहुधा खाद्यातल्या अस्टाझॅन्थिनच्या स्रोतामुळे आणि मात्रेमुळे, भेगा कापणीच्या हाताळणीमुळे, आणि मऊपणा ऋतू, उपचार किंवा रोग यांपैकी एकामुळे. विरळ घनतेने यातलं काहीच बिघडवलेलं नाही. पण विरळपणाबरोबर त्या फार्मचं खाद्य वेगळं येतं, उपचार वेगळे येतात, जागा वेगळी येते, आणि मांसात दिसतो तो या सगळ्यांचा परिणाम.

जमिनीवरच्या टाक्यांचं विचारलंत. तिथे पाणी फिरवून-गाळून पुन्हा वापरतात. तापमान, ऑक्सिजन आणि पाण्याचा वेग हातात राहतो, उवा नसतात, त्यामुळे वर सांगितलेल्या बऱ्याच कटकटी तिथे जन्मालाच येत नाहीत. घनता मात्र समुद्रातल्या पिंजऱ्याच्या कितीतरी वर असते, आणि तरी मांस घट्ट निघू शकतं. घनतेच्या आकड्याबद्दल मी जे म्हणतोय त्याला यापेक्षा चांगला दाखला नाही. त्यांचा स्वतःचा दोष म्हणजे चिखलट वास. टाक्यांतले काही जीवाणू जिओस्मिन आणि २-मिथिलआयसोबोर्निओल ही द्रव्यं सोडतात, ती माशाच्या चरबीत साठतात आणि अब्जात एक भागाच्या आसपास असली तरी जिभेला कळतात. म्हणून कापणीपूर्वी मासे स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवून ती धुऊन काढतात. याला काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागतो, मासा चरबीदार असेल तर जास्त. या काळात वजन घटतं, म्हणून आवरतं घ्यायचा मोह होतो. अशा पुरवठादाराकडे जाणार असाल तर मासे शुद्धीकरणात किती दिवस ठेवले हे लेखी घ्या, आणि प्रत्येक लॉटमधला एक तुकडा बिनमिठाचा वाफवून झाकण उघडताक्षणी हुंगा. वास तिथेच येतो. मात्र तुमच्या आजच्या तक्रारीसाठी मी लगेच तिकडे उडी मारणार नाही.

त्याऐवजी पुढच्या खेपेला हे करून पाहा. दोन्ही फार्मांकडून एकाच आठवड्यात कापलेला, सारख्या वजनाचा माल मागवा. सोबत कापणीआधीच्या तीन महिन्यांच्या नोंदी: पाण्याचं तापमान, मासे राहतात त्या खोलीवरचा ऑक्सिजन, रोजचं खाद्य, उवांचे उपचार कधी आणि कोणते, रोगाचं निदान काही झालं असल्यास ते, शेवटचं खाद्य केव्हा दिलं, मासे आवळून किती वेळ ठेवले, मारल्यावर मांस किती वेळात गार झालं. खाद्य बंद झालेले दिवस त्या यादीत ठळक करा. सलग मोठा खंड दिसला की कारण विचारा. मारल्यापासून तेवढ्याच दिवसांनी दोन्हीकडचे फिले एकाच माणसाने, एकाच सुरीने काढावेत, रंग ठरलेल्या प्रकाशात मोजावा, भेगा मोजाव्यात, बोटाचा ठसा पाहावा आणि प्रत्येक माशापुढे तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात.

त्यातून घट्टपणा जुळला आणि फक्त रंग मागे राहिला, तर पहिल्या फार्मला सोडू नका. खाद्याबद्दल बोला आणि ग्राहकाला तो रंग तसा का आहे ते सांगा. फक्त भेगा राहिल्या, तर फार्मवर न जाता त्यांचं कापणी केंद्र गाठा आणि मासे पंपातून येताना उभे राहून बघा. तडफड डोळ्यांना दिसते. तिन्ही दोष त्याच माशांत पुन्हा एकत्र आले, तर नोंदींतला रोगाचा रकाना आधी उघडा, आणि तो रिकामा असेल तर पशुवैद्याचा अहवाल मागा. निकाल आले की आकडे कळवा, मी पाहीन.